ताम्रपटावर देश रेखणारा विल्यम डॅनियल

आजकाल लहानशा गावच्या शाळेतही भिंतीवर ताजमहालाचे चित्र टांगलेले असते, आणि ते पाहून कोणास आश्चर्य वाटत नाही. परंतु फोटो काढण्याची विद्या इ. स. १८३९ मध्ये जगापुढे आली. त्यापूर्वी दूर देशचा डोंगर, नदी किंवा नगर लोकांस दाखवावयाचे, तर कोणी तरी तेथवर स्वतः जावे, पाहिलेले कागदावर रेखावे, मग तेच तांब्याच्या पत्र्यावर उलटे खोदावे, आणि त्या पत्र्यावरून एकेक प्रत हाताने छापून काढावी, हाच मुख्य उपाय होता. हिंदुस्थान देश अशा रीतीने विलायतेच्या लोकांपुढे विस्ताराने मांडणारे दोघे चुलते-पुतणे होऊन गेले. त्यांपैकी पुतण्या विल्यम डॅनियल ह्याची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगणार आहो. चुलत्याचे नाव नेहमी आधी घेतले जाते आणि वडीलपणाच्या नात्याने ते रास्तही आहे. तथापि तांब्याशी आणि तेजाबाशी झगडण्यात ज्याचे तारुण्य खर्ची पडले तो पुतण्या होय.

विल्यमचा जन्म इ. स. १७६९ साली झाला. त्याचा बाप लंडनपासून थोड्या अंतरावर, टेम्स नदीकाठच्या चर्टसी गावी, स्वॉन नावाची सराई चालवीत असे. मुलगा दहा वर्षांचा असता, १७७९ साली, बाप वारला आणि चुलता थॉमस ह्याने त्यास आपल्या पदराखाली घेतले. थॉमसचे घर काही श्रीमंताचे नव्हते. तो १७४९ साली जन्मलेला. प्रथम बग्ग्या रंगविणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करून तो वाढला होता. अमीरउमरावांच्या गाड्यांच्या दारांवर त्यांच्या कुळांची चिन्हे रंगवावी हा त्या धंद्याचा नेम. पुढे १७७३ साली त्यास रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश मिळाला व तो निसर्गदेखाव्यांची चित्रे काढू लागला. परंतु लंडन शहरात चित्रकार पुष्कळ आणि गिऱ्हाईक थोडे. हिंदुस्थानात गेलेले काही चित्रकार पैसा करून परत येत असल्याची वार्ता त्याच्या कानी होती. तेव्हा त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे अर्ज केला, आणि १७८४ साली त्यास ताम्रपट खोदणारा म्हणून तिकडे जाण्याची परवानगी मिळाली. पुतण्यास मदतनीस म्हणून बरोबर नेण्याचीही मुभा मिळाली.

१७८५ च्या एप्रिल महिन्यात हे दोघे ‘ॲटलस’ नावाच्या गलबतावर चढले. थॉमस छत्तिशीच्या घरात होता. विल्यम पंधरासोळा वर्षांचा. पुन्हा मायदेश दिसेपर्यंत तो पंचविशीस पोहोचणार होता, हे त्यास कोठून ठाऊक असणार? गलबत आधी चीन देशास गेले. तेथून दुसऱ्या गलबताने ते १७८६ च्या आरंभी कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्यात पोटापाण्याची पहिली योजना अशी ठरली की, त्या नव्या शहराचे बारा देखावे ताम्रपटांवर छापून वर्गणीदारांस विकावे. गोष्ट बोलण्यास सोपी. परंतु ज्या पद्धतीस आक्वाटिंट म्हणतात तिच्यात दोघांचाही हात अद्याप कच्चा होता, आणि कलकत्त्यात शिकविणारा कोणी नव्हता.

ही पद्धत थोडी समजून घेतल्याशिवाय विल्यमच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागणार नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा. तांब्याचा सपाट पत्रा प्रथम आरशासारखा घासून घ्यावयाचा. त्यावर रोगणाचा पातळ थर देऊन सुईने चित्राच्या रेघा ओढावयाच्या. सुईने जेथे रोगण खरवडले तेथे तेजाब तांब्यास खाते आणि बारीक चर पडतो. ह्या झाल्या नुसत्या रेघा. ढग, पाण्यावरील सावली, सांजवेळचा उजेड ही रेघांनी साधत नाहीत. त्यांकरिता राळेची अगदी बारीक पूड पत्र्यावर बसू द्यावयाची, खळ्यावरील उफणणीची धूळ जशी जवळच्या पानांवर सारखी बसते तशी. मग पत्र्यास खालून ऊब दिली म्हणजे कण न् कण तांब्यास चिकटतो. आता तेजाब घातले तर ते कणांच्या मधल्या फटींतून तांब्यास खाते, आणि तेवढा भाग रव्यासारखा खरखरीत होऊन शाई धरू लागतो. चित्रात जेथे शुभ्र उजेड पाहिजे ती जागा आधीच रोगणाने झाकावयाची. जेथे फिकी छाया पाहिजे तेथे क्षणभर तेजाब लागू देऊन मग झाकावयाचे. जेथे गर्द अंधार पाहिजे तेथे पुन्हा पुन्हा लागू द्यावयाचे. म्हणजे कुंचल्याने रंग भरण्याऐवजी येथे तेजाबास वेळ मोजून द्यावयाचा असतो, आणि तो वेळ चुकला की कित्येक दिवसांचे काम नासते. कुंचल्याची चूक पुसता येते. तेजाबाने खाल्लेले तांबे सहज परत भरून येत नाही.

इतकेही करून संकट संपत नाही. पत्र्यावर जे डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे उमटते, म्हणून सबंध देखावा उलटा खोदावा लागतो. मग पत्र्यावर शाई चोळून वरची पुसावयाची, खाचांतील तेवढी राहू द्यावयाची, आणि ओलसर कागद वर घालून दोन रुळांच्या दाबाखालून पत्रा ओढावयाचा. तांबे मऊ धातू आहे. प्रत्येक छापाबरोबर ते किंचित झिजते, आणि शेवटच्या प्रती पहिल्यांइतक्या भरदार येत नाहीत.

कलकत्त्यात हे सर्व चुलत्या-पुतण्यांनी हाताखाली बंगाली कारागीर घेऊन, चुकत माकत केले. थॉमसने विलायतेतील एका मित्रास कळविले होते की, येथे चित्रकार, खोदणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातील पोऱ्या ही सर्व कामे आपणासच करावी लागली. १७८८ साली बारा चित्रे पुरी झाली. जुना किल्ला, न्यायालय, कंपनीच्या कारकुनांची इमारत, नदीचा घाट असे त्यांचे विषय होते. ती फारशी सफाईदार नाहीत. छाया कोठे फार गडद, कोठे ठिपक्याठिपक्यांची. परंतु ती विकली गेली, पुढील प्रवासाची बेगमी झाली, आणि एकोणीस वर्षांच्या विल्यमने परदेशातील उष्ण हवेत तांब्याचा स्वभाव ओळखला. कोणत्याही शाळेत इतके शिक्षण त्यास मिळाले असते असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात दोघे नावेने गंगेवरून उत्तरेकडे निघाले. त्यांच्या आधी विल्यम हॉजिस नावाचा चित्रकार त्या प्रदेशात फिरून गेला होता व त्याची छापील चित्रे त्यांच्याजवळ होती. ज्या जागी बसून हॉजिसने चित्र काढले ती जागा शोधून काढावी, समोरील इमारतीशी त्याचे चित्र ताडून पाहावे, असा त्यांनी परिपाठ ठेविला. आणि पुष्कळ ठिकाणी त्यांस हॉजिसच्या रेघा खऱ्या वस्तूस सोडून गेलेल्या आढळल्या. आपले चित्र तसे होऊ नये ह्याची विल्यमने फार काळजी घेतली. त्यांच्यापाशी कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची एक काळोखी पेटी होती. तिच्या भिंगातून बाहेरील देखावा आत कागदावर पडे आणि त्यावरून पेन्सिलीने रेघा गिरविता येत. हे काम बहुधा विल्यमकडे असे. रंगाचे काम थॉमसकडे. शिवाय विल्यम रोजनिशी लिहीत असे. कोठे पोहोचलो, काय काढले, कोण भेटले, अशा साध्या नोंदी. त्या रोजनिशीवरूनच पुढील लोकांस त्यांच्या वाटेचा माग काढता आला.

मुर्शिदाबाद, भागलपूर, पाटणा, काशी, अलाहाबाद, कानपूर अशी ठाणी करीत ते १७८९ च्या जानेवारीत आग्र्यास पोहोचले व यमुनेपलीकडून त्यांनी ताजमहाल रेखून घेतला. फेब्रुवारीत दिल्ली. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, १७८८ च्या ऑगस्टात, गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीच्या किल्ल्यात शिरून बादशहा शाह आलम ह्याचे डोळे काढले होते. त्यानंतर महादजी शिंदे ह्यांच्या फौजेने शहर सोडविले, आणि डॅनियल तेथे आले तेव्हा मराठ्यांचाच तेथे अंमल होता. गुलाम कादिराचे शासन होऊन तो मारला गेला, तेही त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मार्च महिन्यात. अशा घायाळ शहरात हे दोघे चित्रकार फिरले. आता त्यांचे जामा मशिदीचे चित्र पाहा. स्वच्छ आकाश, पायऱ्यांवर उन्हाची तिरीप, शांतपणे जाणारी येणारी माणसे. मशिदीची कमान न् कमान बरोबर आहे; परंतु त्या वर्षी त्या पायऱ्यांवरून चालणाऱ्या लोकांच्या मनात काय होते ह्याची खूण त्यात शोधून सापडत नाही. दगडाशी ते अत्यंत प्रामाणिक होते. माणसे त्यांस बहुधा दगडाची उंची कळावी एवढ्यापुरती हवी असत.

ह्यास एक ठळक अपवाद आहे आणि तो सांगितला पाहिजे. दिल्लीहून ते हरिद्वारास आणि तेथून हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर चढून गढवालातील श्रीनगरास गेले. काश्मिरातील श्रीनगर ते हे नव्हे. येथे अलकनंदा नदीवर दोरांचा झुलता पूल होता. ते तेथे असताना शत्रूचे सैन्य चालून येत असल्याची बातमी आली आणि गावकरी आपली चीजवस्तू घेऊन पुलावरून पलीकडे पळू लागले. डॅनियलांनाही घाईने परतावे लागले. पुढे ह्या पुलाचे चित्र त्यांनी छापिले त्यात हे पळणारे लोक आहेत. खोल दरी, वर ताणलेले दोर, आणि त्यांवर ओळीने निघालेले जीव. त्यांच्या सर्व चित्रांत आमचा डोळा ह्याच चित्रापाशी अधिक वेळ थांबतो.

परतीच्या वाटेवर लखनौ व भागलपूर येथे राहून १७९१ साली ते कलकत्त्यास परत आले. खिसा रिकामा झाला होता. तेव्हा काढलेली दीडशे चित्रे सोडतीने विकून त्यांनी पैसा उभा केला. सोडतीची रीत आमच्या वाचकांस आवडणार नाही, आम्हांसही ती आवडत नाही. परंतु त्या काळी कंपनीच्या शहरांत चित्रे खपविण्याचा तो सर्रास चालणारा मार्ग होता.

त्या पैशावर १७९२ साली ते मद्रासेस गेले. टिपू सुलतानाशी चाललेली लढाई त्याच वर्षी मार्चात तहाने थांबली होती, आणि म्हैसूरकडील डोंगरी किल्ल्यांची नावे प्रत्येक इंग्रजाच्या तोंडी होती. त्या किल्ल्यांची चित्रे विकली जातील हे थॉमसने ओळखले. पालख्या, भोई, बैल, तंबू असा लवाजमा घेऊन ते निघाले आणि कन्याकुमारीपर्यंत जाऊन परत मद्रासेस आले. भोयांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. तिरुनेल्वेली प्रांतातील पापनाशम येथील धबधब्याचे, तंजावरच्या मोठ्या देवळाचे आणि महाबलिपुरम् येथील खडकात कोरलेल्या मंदिरांचे चित्र ह्याच फेरीतील होय. मद्रासेत पुन्हा एक सोडत झाली आणि १७९३ च्या फेब्रुवारीत ते समुद्रमार्गे मुंबईस निघाले.

मुंबईस त्यांची जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराशी गाठ पडली. हा वेल्स पुण्याच्या दरबारी इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयाने पुण्यास राहून सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस व महादजी शिंदे ह्यांच्या तसबिरी काढीत असे. त्याच्या हाताखाली पुण्यात काही मराठी तरुण चित्रकला शिकले. त्यांत गंगाराम चिंतामण तांबट ह्याचे नाव विशेष आहे. वेल्सने डॅनियलांस घारापुरीची व साष्टीतील कान्हेरीची लेणी दाखविली. वेरूळची लेणी मात्र त्यांनी स्वतः पाहिली नाहीत. ती वेल्सने पाहिली, मापिली, रेखिली. १७९५ साली वेल्स तापाने वारला. तेव्हा वेरूळची रेखाटणे मॅलेटने डॅनियलांकडे पाठविली, आणि १८०३ साली ती चोवीस ताम्रपटांच्या रूपाने लंडनात प्रसिद्ध झाली. मृताचे श्रम आपल्या नावावर न घेता, ही रेखाटणे वेल्सची आहेत असे त्यांनी स्पष्ट छापिले, ही गोष्ट त्यांना शोभणारी आहे. गंगाराम तांबटानेही मॅलेटसाठी वेरूळची चित्रे काढली होती.  त्याचे कागद अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

वेल्सच्याच टिपणांवरून थॉमसने पुढे पुणे दरबाराचे एक मोठे तैलचित्र केले. १७९० साली टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह झाला त्या प्रसंगाचे ते आहे. १८०५ साली ते लंडनात मांडले गेले. शनिवारवाड्यात पाऊल न टाकता त्याने वाड्यातील दरबार रंगविला.

मुंबईहून दोघांचा विचार मस्कतमार्गे खुष्कीने घरी जाण्याचा होता. परंतु इंग्लंड व फ्रान्स ह्यांत युद्ध जुंपल्याची बातमी वाटेत कळली आणि त्यांस मागे फिरावे लागले. शेवटी चीनवरून, लॉर्ड मॅकार्टनीच्या गलबतांच्या ताफ्याबरोबर, १७९४ च्या सप्टेंबरात ते इंग्लंडास पोहोचले. साडेनऊ वर्षे झाली होती.

पेट्यांत शेकडो रेखाटणे होती, परंतु रेखाटणे म्हणजे पीक नव्हे, ते बियाणे. आता खरे काम सुरू झाले, आणि ते विल्यमच्या माथी आले. कलकत्त्यात चालून गेलेली कसर लंडनात चालणार नव्हती. आक्वाटिंटची कला पुरती हस्तगत करण्यासाठी विल्यमने सात वर्षे सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत काम केले, असे त्या काळचा चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन ह्याने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. दिवसा प्रकाशात, रात्री मेणबत्तीपाशी. राळेची धूळ नाकात, तेजाबाची वाफ डोळ्यांत. पंचविशीपासून बत्तिशीपर्यंतची ही वर्षे. थॉमस रेखाटणांवरून तैलचित्रे करून प्रदर्शनांत मांडीत होता, लोकांत वावरत होता, १७९९ साली तो रॉयल अकॅडमीचा सभासद निवडला गेला. पुतण्या तांब्यावर वाकून बसला होता. चुलत्याने त्यास राबविले, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. दोघांचे बिऱ्हाड एक, नाव एक, आणि तोटा आला असता तर तोही एकच होता. तथापि त्या वर्षांची किंमत कोणी दिली हे विसरणे योग्य नव्हे.

ह्या श्रमाचे फळ ‘ओरिएंटल सीनरी’ ह्या नावाने १७९५ ते १८०८ पर्यंत सहा भागांत बाहेर पडले. एकंदर १४४ चित्रे. एकेक सुमारे दोन फूट लांबीचे. छापून आलेल्या प्रतींवर मग पाण्याचे रंग हाताने भरले जात. सबंध संचाची किंमत २१० पौंड, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातील शेतमजुराची कित्येक वर्षांची मजुरी. विल्यमचे तेजाबावरील प्रभुत्व ह्या चित्रांत दिसते. कलकत्त्याच्या चित्रांतील ते ठिपके येथे नाहीत. आकाश क्षितिजापासून माथ्यापर्यंत कोठे सांधा न दिसता गडद होत जाते, आणि वडाच्या पारंब्यांखालची सावली हात घालावा इतकी खोल आहे.

ही चित्रे पाहून विलायतेत हिंदुस्थानी घुमट व छत्र्या असलेली घरे बांधण्याची टूम निघाली. ग्लॉस्टरशायर प्रांतात सेझिनकोट येथे कंपनीच्या नोकरीतून श्रीमंत होऊन आलेल्या कॉकरेल नावाच्या गृहस्थाने असा वाडा बांधिला, त्यात थॉमसची सल्ला घेतली गेली. आणि ब्रायटन येथील राजपुत्राच्या महालावरही ह्या चित्रांची छाप आहे.

१८०१ साली विल्यमने मेरी वेस्टॉल हिच्याशी लग्न केले. तिचे भाऊही चित्रकार होते. विल्यमचा स्वतःचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा दक्षिण आफ्रिकेत फिरून तेथील माणसांची व जनावरांची चित्रे करून आला होता. तो नंतर सिंहलद्वीपास गेला आणि १८११ साली तेथेच, छत्तीस वर्षांचा असता, मरण पावला. त्याची उरलेली रेखाटणे विल्यमने पुढे ताम्रपटांवर उतरवून १८२० साली प्रसिद्ध केली. भावासाठी त्याला एवढेच करता येण्यासारखे होते.

हिंदुस्थानची चित्रे संपली तेव्हा विल्यम चाळिशीस टेकला होता. आता त्याने चुलत्याचा हात सोडून एकट्याने मोठे काम मांडले. सबंध ग्रेट ब्रिटन बेटाच्या किनाऱ्याने फिरून बंदरे, कडे, दीपगृहे रेखावी आणि छापावी, असा तो संकल्प. फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे इंग्रजांस परदेशी जाणे कठीण झाले होते, आणि आपल्याच बेटाचा किनारा कसा आहे हे बहुतेकांस ठाऊक नव्हते. १८१३ साली रिचर्ड एटन नावाच्या तरुण लेखकास बरोबर घेऊन तो नैर्ऋत्येकडील लँड्स एंड ह्या टोकापासून निघाला. एटनने मजकूर लिहावा, विल्यमने चित्रे करावी असे ठरले.

कंबरलंड प्रांतातील व्हाइटहेव्हन बंदरी ते पोहोचले तेव्हा एटन तेथील कोळशाच्या खाणीत उतरला. खाली त्याने काय पाहिले? काळोखात कोळशाच्या गाड्यांचे घोडे हाकणाऱ्या, काजळीने माखलेल्या कोवळ्या मुली. त्या स्थितीविषयी त्याने जे लिहिले ते वाचून अंगावर काटा येतो. स्त्रियांना व लहान मुलांना खाणीत उतरविण्यास इंग्लंडच्या कायद्याने बंदी झाली ती १८४२ साली, म्हणजे त्यानंतर तीसेक वर्षांनी. आणि त्याच पुस्तकातील विल्यमचे व्हाइटहेव्हनचे चित्र? बंदर, शिडे, टेकडीच्या कुशीत वसलेले गाव, वर निवळ आकाश. दिल्लीच्या जामा मशिदीपाशी जे झाले तेच येथे झाले. येथे तर परका देश नव्हता, भाषेची अडचण नव्हती, सोबती खाली उतरून सर्व पाहून आला होता. विल्यमची नजर जमिनीच्या वरच राहिली. ही त्याची उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही. पण ज्या ग्रंथात त्याचे निवळ आकाश छापले त्याच ग्रंथात एटनची खाणही छापली गेली, आणि दोन्ही एकाच मुखपृष्ठाआड वाचकांच्या घरी गेली, हेही सांगितले पाहिजे.

दोन भागांनंतर एटनने साथ सोडली. पुढील सहा भागांचा मजकूरही विल्यमनेच लिहिला. तो मात्र रूक्ष आहे, रोजनिशी लिहिणाराचा तो हात. चित्रे उलट अधिकाधिक सरस होत गेली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील स्टॅफा बेटावर खांबांसारख्या काळ्या दगडांची एक गुहा समुद्रात उघडते. तिच्या आतून त्याने बाहेरचा उजेड दाखविला आहे. बेल रॉक येथील दीपगृहाचे रात्रीचे चित्र आहे. सभोवार काळा समुद्र आणि मधोमध तो दिवा. त्यातील उजेड म्हणजे तेजाबापासून राखून ठेविलेले कोरे तांबे. वर्षामागून वर्षे उन्हाळ्यात प्रवास आणि हिवाळ्यात ताम्रपट असा क्रम चालला. १८१४ ते १८२५ ह्या अवधीत आठ भाग व ३०८ चित्रे पुरी झाली. प्रत्येक पत्रा त्याने स्वतःच्या हाताने केला. एवढे मोठे काम एकाच माणसाने रेखून आणि खोदूनही केले असल्याचे दुसरे उदाहरण त्या काळी विरळाच असेल.

१८२२ साली त्यास रॉयल अकॅडमीचे पूर्ण सभासदत्व मिळाले. त्या वेळी जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार मागे राहिला आणि त्यास १८२९ पर्यंत वाट पाहावी लागली. आज कॉन्स्टेबलचे नाव जगभर झाले आहे आणि विल्यम डॅनियलास चित्रांचे शौकीन व इतिहासाचे अभ्यासक तेवढे ओळखतात.

काळ पालटत होता. तांब्यावरील आक्वाटिंट महाग व संथ म्हणून मागे पडले. पोलादी पत्र्यावरील खोदकाम आणि शिळाछाप पुढे आली. पोलाद लवकर झिजत नाही, हजारो प्रती निघतात. १८३२ साली विल्यमने मद्रास शहराचा एक विशाल वर्तुळाकार देखावा रंगविला. मध्ये उभे राहून लोक तो सभोवार पाहत. १८३४ पासून ‘ओरिएंटल ॲन्युअल’ नावाच्या वार्षिकासाठी तो हिंदुस्थानची चित्रे देऊ लागला. जुनीच रेखाटणे, पंचेचाळीस वर्षांपूर्वी काळोख्या पेटीच्या भिंगातून गिरविलेली. पण आता ती लहान आकारात, दुसऱ्या खोदणाऱ्यांच्या हातून पोलादावर उतरत. ज्याने तेजाबाचा एकेक क्षण स्वतः मोजला त्यास हे पाहून काय वाटले असेल, त्याची कल्पना वाचकांनी करावी.

१८३७ च्या ऑगस्ट महिन्यात, लंडनमधील कॅम्डन टाउन येथे, विल्यम डॅनियल वारला. वय सदुसष्ट-अडुसष्ट होते. चुलता थॉमस तेव्हा जिवंत होता. ज्या पोरक्या मुलास त्याने दहाव्या वर्षी घरी आणिले त्याच्यामागे तो आणखी अडीच वर्षे जगला आणि १८४० च्या मार्चात, नव्वदीत, अविवाहितच मरण पावला. त्या दोन मृत्यूंच्या मधल्या वर्षी फोटो काढण्याची विद्या प्रसिद्ध झाली होती.